एका ओळीचा नकार

४ मार्च

काका,

वर 'प्रिय' लिहावं की 'माननीय संपादक', यात दोन कागद वाया गेले. शेवटी नुसतं काका लिहिलं. फुकटची विशेषणं तुम्हाला चालत नाहीत, हे मी विसरलेले नाही.

सहा वर्षांनी पत्र लिहितेय ते मन भरून आलं म्हणून नाही. काम आहे. विद्यापीठांच्या नियतकालिकांची तपासणी करणाऱ्या मंडळात मी नोकरी करते, हे काकूकडून तुमच्या कानावर गेलंच असेल. यंदा कायद्याच्या नियतकालिकांची पाळी आहे आणि मोजणी माझ्या गळ्यात पडली आहे. यादीत तुमचं त्रैमासिक दिसलं तशी मी उठून विभागप्रमुख बाईंकडे गेले. सांगितलं, हे संपादक माझे काका, मी आठवीपासून त्यांच्या घरात वाढले, हे काम दुसऱ्या कोणाला द्या. बाई म्हणाल्या, इथे जो तो कोणाचा तरी विद्यार्थी, जावई नाहीतर भाचा आहे. तसं बघत बसलो तर मोजायला कोणी उरायचं नाही. तुझी मोजणी शेजारच्या टेबलावरचा सहकारी तपासेल, जा.

मोजणी अशी असते. गेल्या पाच वर्षांत तुम्ही छापलेल्या लेखांचा उल्लेख इतर लेखकांनी आपल्या तळटीपांत किती वेळा केला, ते शोधायचं. लेखामागे सरासरी एक उल्लेख निघाला तर तुमचा विद्वानांवर प्रभाव आहे. त्याच्या खाली आलात तर नाही, आणि मंडळाच्या मान्य यादीतून नाव गेलं. नाव गेलं की विद्यापीठ तिसऱ्या मजल्यावरची खोली काढून घेणार. परीक्षा विभागाचा त्या खोलीवर डोळा मी शाळेत होते तेव्हापासून आहे. निवृत्तीनंतरही ती तुमच्याकडे राहिली ती त्रैमासिकापायीच. ती गेली तर रोज सकाळी डबा घेऊन तुम्ही कुठे जाणार, हा प्रश्न काकूलाही पडला असणार.

मला धास्ती वाटते, काका. हल्ली तुमचं त्रैमासिक कोणी वाचत नाही. मी तुमच्या बाजूने काही करणार नाही आणि विरुद्धही काही करणार नाही. फक्त दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हा कागद.

उत्तराची अपेक्षा नाही. तुमचं मला आलेलं शेवटचं पत्र एका ओळीचं होतं. "आपला लेख प्रसिद्धीसाठी स्वीकारता येत नाही." खाली सही, हुद्द्यासकट. त्यानंतर मी कायदा शिकवायचं सोडलं आणि आकड्यांची नोकरी धरली. मी घरी आले नाही, तुम्ही बोलावलं नाही. हट्टात तुम्ही शेर तर मी सव्वाशेर, दुसरं काय.

तुमची पुतणी


२१ मार्च

काका,

माझं पत्र परत आलं. मला वाटलं पत्ता चुकला. उघडून बघते तर आत माझंच पत्र, आणि "हल्ली तुमचं त्रैमासिक कोणी वाचत नाही" या वाक्यासमोर समासात तुमच्या पेन्सिलीतला एकच शब्द: "संदर्भ?" बाकी कोरं.

सहा वर्षांनी एक शब्द, आणि तो हा. मी आधी पाकीट टेबलावर आपटलं आणि मग इतकी हसले की शेजारचा सहकारी पाण्याचा पेला घेऊन आला.

घ्या संदर्भ. पाच वर्षांत तुम्ही बावन्न लेख छापलेत. म्हणजे बावन्न उल्लेख हवेत. निम्मी नियतकालिकं मोजून झाली आहेत आणि हाती वीससुद्धा लागलेले नाहीत. याला तुम्ही स्वतः जबाबदार आहात. तुमचा तो नियम आठवतोय ना? मी शाळेतून आले की जेवणाच्या टेबलावर मुद्रितं पसरलेली असायची. लेखकाने कुठे आपल्याच त्रैमासिकातल्या जुन्या लेखाचा उल्लेख केलेला दिसला की तुम्ही तो काटायचात. मी विचारलं होतं, खरा असला तरी? तुम्ही म्हणालात, खरा असला तरी. आपली पाठ आपण थोपटायची नाही. मी वाद घातला होता, की मग ते वाक्य लेखकाच्या डोक्यातून निघालं असं वाचणाऱ्याला वाटेल, ती चोरी नाही का? तेव्हा तुम्ही काकूला हाक मारून सांगितलंत, ही आपली वकिलीणबाई बघ. ते नाव मला घरात चिकटलं ते त्या दिवशी. नियम मात्र तुम्ही इतकाच बदललात की लेखकाला कळवून मग उल्लेख काढायचा.

मंडळाचा नियम वेगळा आहे. स्वतःच्या नियतकालिकातला उल्लेख इथे चालतो. सगळे तोच धंदा करतात. नावं सांगत नाही, पण दोन नियतकालिकं अशी आहेत की पहिल्याच्या प्रत्येक लेखात दुसरं आणि दुसऱ्याच्या प्रत्येक लेखात पहिलं. अहो रूपं, अहो ध्वनिः! दोघांचेही आकडे गगनाला भिडलेत. तुम्ही मात्र खऱ्या उल्लेखांवरही पेन्सिल फिरवून बसलात. तुमचा नियम तुमच्याच मुळावर आला आहे.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल. मला लिहिताना वाटतंय. पण मोजणी अजून संपलेली नाही.

मंडळातली मोजणारी


९ एप्रिल

काका,

"नियम राहील." एवढंच लिहून दुसरं पत्रही परत. टपालखात्याला तुम्ही चांगलं कामाला लावलंय.

आजचं पत्र मात्र समासात काही न लिहिता वाचा. काही नियतकालिकं अजून फक्त कागदावर निघतात. त्यांचे गठ्ठे मागवून मला डोळ्यांनी वाचावं लागतं. लेखकाच्या नावावर एक चांदणी असते आणि पहिल्या पानाच्या तळाशी तिची टीप: मार्गदर्शकांचे आभार, बायकोचे आभार. ती आम्ही मोजत नाही, म्हणून मी ती कधी वाचतही नव्हते. परवा वाचली, कारण तिच्यात तुमच्या त्रैमासिकाचं नाव दिसलं. एक बाई लिहितात: "ज्यांनी हा लेख नाकारला आणि का नाकारला ते पाच पानांत समजावून सांगितलं, त्या संपादकांची मी ऋणी आहे."

मला गंमत वाटली. पुढच्या गठ्ठ्यात आणखी एक सापडली. "माझ्या लेखाचा उत्तरार्ध पूर्वार्धाच्या विरुद्ध जातो, हे मला ज्यांच्या नकारातून कळलं..." पुन्हा तुम्हीच. मग मी मोजायचं काम बाजूला ठेवलं आणि दोन दिवस नुसत्या चांदण्या वाचल्या. काका, ठिकठिकाणी तुम्ही आहात. जामिनावरचा तो लेख, ज्याचं नाव घेतल्याशिवाय हल्ली कोणाचं पान हलत नाही, तो आधी तुमच्याकडे आला होता. तुम्ही परत पाठवलात, शेवट कुठे फसला ते दाखवलंत, आणि त्या माणसाने दुरुस्त करून तो दुसरीकडे छापला. तुमच्याकडे पुन्हा पाठवायला लोक लाजत असावेत. तुम्ही नांगरायचं आणि पीक दुसऱ्याच्या खळ्यावर, असं वर्षानुवर्षं चाललंय, आणि तुम्हाला याची कल्पना तरी आहे का, कोण जाणे.

मी धावत बाईंकडे गेले. म्हटलं, हा प्रभाव नाही तर काय आहे? बाईंनी सगळ्या टिपा वाचल्या, चष्मा काढला, आणि म्हणाल्या की फार छान आहे, पण आभार म्हणजे उल्लेख नव्हे. उद्या लोक कँटीनवाल्याचे आभार मानतील, त्याला काय कायदेपंडित म्हणायचं?

जागेवर येऊन बसले आणि मला बाईंचा नाही, तुमचा राग आला. परक्या माणसांना पाच-पाच पानं. ज्यांना कधी पाहिलं नाही त्यांच्या लेखाचा शेवट शोधून द्यायला तुमच्याकडे वेळ होता. मला एक ओळ. माझा लेख दोष दाखवायच्याही लायकीचा नव्हता, असं मी तेव्हा समजले आणि अजून समजते. घरात वर्षानुवर्षं राहणारं माणूस, ज्याचं नाव घराच्या एकाही कागदावर नाही, त्याचा त्या घरावर कायद्याने काय हक्क पोचतो, हा माझा विषय होता. तो मला कुठून सुचला, हे तुम्हाला कळलं नसेल असं थोडंच आहे.

असो. आता चांगली बातमी. मोजणी पूर्ण झाली आणि पंचावन्न उल्लेख निघाले. बावन्न हवे होते. वाचलात! शेवटी एका नियतकालिकाच्या महोत्सवी अंकाने हात दिला. सहकाऱ्याने तपासून सही केली आहे. नियमाप्रमाणे अहवालाचा कच्चा खर्डा प्रत्येक संपादकाला बघायला पाठवतात, तसा तुमचा सोबत जोडला आहे. खोली तुमचीच राहतेय. आज मी कँटीनमध्ये सगळ्यांना कॉफी पाजली आणि कारण सांगितलं नाही.

पुतणी


३० एप्रिल

काका,

अहवाल मिळाला. समास पुरला नाही म्हणून तुम्ही पानांच्या पाठीवरही लिहिलंय.

सोळाव्या पानावर लिहिता: "हा लेख दोनदा मोजला आहेस. आधी मूळ ठिकाणी, मग महोत्सवी अंकात. तिकडे तो जसाच्या तसा पुन्हा छापला आहे, तळटीपा त्याच, आमचे नऊ उल्लेखही तेच. नऊ वजा कर." मी दोन्ही अंक शेजारी ठेवून पाहिले. बरोबर आहे तुमचं. असतंच. मी आणि सहकारी, दोघांच्याही लक्षात आलं नाही, कारण अंकाचं नाव वेगळं, वर्ष वेगळं, आणि आम्ही लेख वाचत नाही, तळटीपा मोजतो. पंचावन्नातून नऊ गेले, सेहेचाळीस राहिले.

त्याखाली तुमचं आणखी एक वाक्य: "मोजणी चुकीची आणि निकाल सोयीचा. असा लेख मी परत पाठवला असता."

काका, तुम्हाला कोणी विचारलं होतं? गप्प बसला असतात तर काय बिघडणार होतं? सही झालेली, बाई सोमवारी अहवाल पुढे पाठवणार, कोणाच्या बापाला कळलं नसतं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायचा आणि वर तो नीट बसला की नाही हेही तपासायचं, हे फक्त तुम्हालाच जमतं. खरं सांगते, मी खोडरबर हातात घेतलं होतं. पेन्सिलीचंच तर आहे, पुसलं की गेलं.

तेवढ्यासाठीच मी सगळं पुन्हा वाचायला घेतलं, कुठे-कुठे पुसावं लागेल ते बघायला. तेव्हा दिसलं की तुम्ही तुमच्या त्रैमासिकाच्या पानावर थांबलेलाच नाहीत. सबंध अहवाल तपासलाय. ती दोन अहो-रूपंवाली नियतकालिकं वेगळी काढून कशी दाखवता येतील, हे सांगितलंय. नव्या विषयाला उल्लेख मिळायला वेळ लागतो, तर पाच वर्षांचीच मुदत का, असं विचारलंय. आभाराच्या टिपांबद्दल लिहिलंय, "बाईंचं बरोबर आहे. पण त्या वेगळ्या तक्त्यात दे, लपवू नकोस." आणि अगदी पहिल्या पानावर: "मोजणारी संपादकाच्या घरची आहे, हे इथे छापलं पाहिजे. बाईंना चालत असेल, पण वाचणाऱ्याला कळायला हवं."

पाठपोट मिळून हे पाच पानांच्या वरच भरेल. माझ्या कुठल्याही लिखाणाला तुमच्याकडून एवढं कधी आलं नव्हतं. ते आलं तेही कशासाठी, तर तुमचीच खोली तुमच्या हातून जावी म्हणून. हसू की रडू, मला कळत नव्हतं. खोडरबर खणात टाकलं.

शेवटच्या पानावर, सगळ्यात खाली, तुम्ही विचारलंय: "तुझा तो लेख कुठे छापलास?"

कुठेच नाही. टेबलाच्या खालच्या खणात आहे. तुमच्या त्या ओळीनंतर मी तो कोणाला दाखवणार होते?

तुमची


१९ मे

काका,

माझं गेलं पत्र परत आलं नाही, म्हणून मी रोज टपाल चाळत होते. काल काकूचा फोन आला. म्हणाली, अगं ते पत्र खिशात घालून फिरतायत. शर्ट धुवायला टाकताना तिने काढून ठेवलं, तर पुन्हा मागून घेतलं.

मग ती जे बोलली ते तुम्हाला माहीत आहे. पण तिने मला सांगितलं हे तुम्हाला माहीत असायला हवं, म्हणून तिच्याच शब्दांत लिहिते.

"तुझा लेख नाव झाकून दोघा जाणकारांकडे तपासायला गेला होता. दोघांनीही छापा म्हणून कळवलं. मग ह्यांनी स्वतः वाचला, एकदा नाही, कितीदा तरी. दोष निघाला असता तर तुला पानंच्या पानं आली असती. निघाला नाही. आणि घरच्या मुलीचं आपल्याकडे छापायचं नाही, हा नियम. मग लिहिणार काय? मी म्हटलं, हेच लिहा की तिला. तर म्हणाले, तसं लिहिलं तर ती येऊन वाद घालेल, नियम मोडा म्हणेल, आणि मी मोडीन."

मग ती म्हणाली, "ह्यांना वाटलं, लेख चांगला आहे, ही दुसरीकडे पाठवील. डाकेने कुठलाही नवा अंक आला की आधी अनुक्रमणिका उघडतात. तुझं नाव बघायला. अजून उघडतात."

काका, मला आधी राग आला, आणि तो खरा आहे, तुम्ही तो वाचलाच पाहिजे. एका नियमापायी सहा वर्षं. मी स्वतःला बिनडोक समजत राहिले आणि तुम्ही अनुक्रमणिका चाळत बसलात. दोन ओळी लिहिल्या असत्यात तर काय झालं असतं? फार तर मी येऊन भांडले असते. त्याची तुम्हाला सवय होती. माझाही दोष आहेच. एका ओळीचा अर्थ मी मनाने लावला आणि विचारायला आले नाही. पण तुमचा मोठा आहे. राग ओसरल्यावर मी कार्यालयाच्या जिन्यात बसून रडले. बरं वाटलं.

आता कामाचं. अहवाल मी त्याच सोमवारी दिला, काकूच्या फोनच्या आधीच. सेहेचाळीस लिहिले. आभाराच्या टिपांचा वेगळा तक्ता जोडला. पहिल्या पानावर तळटीप टाकली: "या यादीतील एका त्रैमासिकाचे संपादक माझे काका असून मी त्यांच्या घरी वाढले. मोजणीतील एक चूक त्यांनी स्वतः दाखवून दिली. ती त्यांच्या फायद्याची होती." बाईंनी दोनदा वाचलं. म्हणाल्या, तुमच्या घरात सगळे असेच आहेत का? मी म्हटलं, काकू जरा व्यवहारी आहे.

निकाल तुम्हाला कळला असेलच. नाव गेलं. तुमचा तक्ता सगळ्यांनी वाखाणला आणि नियमावर बोट ठेवून सह्या केल्या. पुढच्या वर्षापासून आभाराच्या टिपांचं काय करायचं यावर एक समिती नेमली आहे, म्हणजे तुमच्या-माझ्या हयातीत काही होईल असं नाही. महिनाअखेर खोली रिकामी करायची आहे. काकू म्हणाली, जेवणाचं अर्धं टेबल तिने आत्ताच मोकळं केलंय, आणि अंक निघणारच आहे, यादीत असो की नसो. पुढच्या अंकाची मुद्रितं मीठ-लोणच्याच्या बरण्यांशेजारी पडली आहेत म्हणे. म्हणजे मी शाळेत असताना होती तिथेच.

रविवारी मी येतेय. कपाटं उतरवायला माणसं लागतील, आणि तुम्ही तिसऱ्या मजल्यावरून गठ्ठे उचलायला लागलात तर काकू मला बोल लावील.

लेख सोबत जोडला आहे. दचकू नका, त्रैमासिकासाठी नाही, नियम राहील. तुम्ही वाचल्यावर तो दुसरीकडे पाठवणार आहे. पहिल्या पानावर माझ्या नावाला चांदणी घातली आहे आणि खालची जागा कोरी सोडली आहे. ती टीप कोणी मोजत नाही, मला ठाऊक आहे.

मात्र एक अट. सहा वर्षांत कायदा बराच बदलला आहे, तेव्हा आता लेखात दोष नक्की असतील. नसले तर शोधा. मला एक ओळ चालणार नाही, काका. पाच पानं हवीत.

वकिलीण